रेडिओवाल्याने स्वतःच्या नावाचा पक्ष काढला तर बिघडलं काय? (डेरिन हिंचबद्दल)

खडखडीत

टीव्ही-रेडिओवरच्या माणसाने पक्ष काढला की लगेच सगळे म्हणतात प्रसिद्धीची हाव. मला हे सरसकट पटत नाही. ऑस्ट्रेलियाच्या डेरिन हिंचचं उदाहरण घेतो, इथे फार जणांना माहीत नसेल म्हणून जरा लांबवर लिहितो.

हा मूळचा न्यूझीलंडचा, जन्म १९४४, आधी पेपरात होता आणि मग मेलबर्नच्या थ्री-ए-डब्ल्यू रेडिओवर त्याचा आवाज घरोघरी पोचला. भांडकुदळ, आरडाओरडा करणारा, सगळं मान्य. तिथे मायकेल ग्लेनन नावाचा एक पाद्री होता, मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यात आधी शिक्षा भोगून आलेला, नंतर पुन्हा तसेच आरोप लागले आणि खटला उभा राहायचा होता, पण तोवर गडी मुलांसाठीची संस्था चालवतच होता. हिंचने सरळ रेडिओवर नाव घेतलं आणि जुनी शिक्षा सांगून टाकली. कोर्टाचा अवमान म्हणून १९८७ मध्ये तुरुंगात गेला. २००८ मध्ये व्हिक्टोरियाच्या विधानभवनाच्या पायऱ्यांवरून पुन्हा दोन गुन्हेगारांची नावं घेतली, त्याबद्दल २०११ मध्ये पाच महिने घरात नजरकैद, आणि त्याच महिन्यात लिव्हर ट्रान्सप्लांट. २०१४ मध्ये अशाच प्रकरणात एक लाख डॉलरचा दंड भरायला नकार देऊन पन्नास दिवस पुन्हा आत.

त्यानंतर २०१५ मध्ये त्याने 'डेरिन हिंच्स जस्टिस पार्टी' काढली आणि २०१६ मध्ये बहात्तराव्या वर्षी तो सिनेटवर (तिकडच्या संसदेचं वरचं सभागृह) निवडून आला. पुढच्याच वर्षी कायदा झाला की मुलांवरच्या अत्याचाराच्या गुन्ह्यात शिक्षा होऊन ज्यांचं नाव अशा गुन्हेगारांच्या सरकारी रजिस्टरवर आहे त्यांचा पासपोर्ट रद्द. असे साधारण वीस हजार लोक होते आणि एकट्या २०१६ मध्ये त्यातले जवळजवळ आठशे देशाबाहेर फिरून आले होते, बरेचसे आग्नेय आशियात. तिथे ते कशासाठी जात असतील हे सगळ्यांना कळत होतं पण थांबवत कोणी नव्हतं. हिंचने हा विषय लावून धरला. एका सिनेटरकडून याहून जास्त काय पाहिजे? रेडिओवर तीस वर्षं ओरडून जे झालं नाही ते संसदेत वर्षभरात झालं. म्हणून मी म्हणतो, ज्याच्याकडे आवाज आहे आणि एक मुद्दा आहे त्याने खुशाल पक्ष काढावा.

कोर्टकचेरी

ग्लेननची पूर्ण गोष्ट सांगा ना भाऊ, अर्धी का सांगता. हिंचने खटल्याच्या आधी जुनी शिक्षा जाहीर केली याचा परिणाम काय झाला? तिकडे ज्युरी असते, सामान्य माणसं, त्यांच्या कानावर हे आधीच पडलं तर आरोपीच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो की माझ्या अशिलाला निष्पक्ष खटला मिळालाच नाही. आणि तसंच झालं! व्हिक्टोरियाच्या अपील कोर्टाने ग्लेननची शिक्षा याच कारणाने रद्द केली होती. १९९२ मध्ये हायकोर्टाने ती परत लावली (तिकडचं हायकोर्ट म्हणजे आपलं सुप्रीम कोर्ट), तेही न्यायाधीशांमध्ये मतभेद होऊन. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर हा नराधम सुटला असता आणि कारण कोण? ज्याला तुम्ही हिरो म्हणताय तो.

सप्रेशन ऑर्डर (नाव किंवा माहिती जाहीर करायला कोर्टाची बंदी) काढतात ती गुन्हेगारावर माया म्हणून नाही, शिक्षा टिकावी म्हणून. आणि ज्या माणसाने पुन्हा पुन्हा कोर्टाचे आदेश मोडले त्यालाच कायदे करायला पाठवायचं हे मला मुळातच पटत नाही. सिनेटमधल्या पहिल्याच भाषणात पण त्याने विशेषाधिकाराचं संरक्षण घेऊन गुन्हेगारांची नावं वाचली. बाहेर बोलला असता तर केस झाली असती, आत बोलला तर कोणी हात लावू शकत नाही. विशेषाधिकार यासाठी असतो का?

मेलबर्नकर

मी इथे बरीच वर्षं आहे, २०१६ ला मतदान केलंय, तेव्हा थोडं जागेवरचं सांगतो.

हिंच निवडून आला यात त्याच्या लोकप्रियतेइतकाच त्या निवडणुकीचा वाटा होता. ती डबल डिसोल्यूशन होती, म्हणजे दोन्ही सभागृहं पूर्ण बरखास्त. एरवी राज्यातून सहा सिनेटर निवडायचे असतात, त्या वेळी बारा. आपल्या विधान परिषदेला पसंतीक्रमाने मतं देतात आणि कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं, ठरतो ना, साधारण तसंच गणित. सहा जागा असतील तर कोटा चौदा टक्क्यांच्या वर जातो, बारा असतील तर पावणेआठच्या आसपास येतो. हिंचला पहिल्या पसंतीची सहा टक्क्यांच्या आसपास मतं होती, उरलेली दुसऱ्यांच्या पसंतीतून आली. २०१९ ला नेहमीची निवडणूक झाली, कोटा परत वर गेला आणि त्याची मतं तीन टक्क्यांच्या आत आली. संपला विषय.

पण एका बाबतीत त्याच्यावर अन्याय झाला असं मला आजही वाटतं. डबल डिसोल्यूशननंतर निम्म्या सिनेटरांना सहा वर्षं आणि निम्म्यांना तीन वर्षं मिळतात. कोणाला किती हे ठरवायच्या दोन पद्धती आहेत आणि सिनेटने आधी दोनदा, १९९८ आणि २०१० मध्ये, ठराव करून सांगितलं होतं की पुढे फेरमोजणीची पद्धत वापरू. त्या पद्धतीने हिंचला सहा वर्षं मिळत होती. पण २०१६ ला दोन्ही मोठे पक्ष, जे एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, ते एक झाले आणि जुनी, कोण आधी निवडून आला त्या क्रमाची पद्धत वापरली, त्यात हिंचची तीन वर्षं गेली. छोट्या पक्षाचं हे असं असतं, नियम कोणते लावायचे तेच मोठे पक्ष ठरवतात.

त्याच्या पक्षाबद्दल मात्र माझं मत वाईट आहे, रात्री लिहितो, आता कामावर आहे.

आई_दोन_मुलींची

कोर्टकचेरी, तुमचा कायदा कळतो हो, पण ग्लेनन तेव्हा मुलांमध्ये वावरत होता ना? खटला उभा राहायला वर्षं लागतात, तेवढ्यात त्या संस्थेत जाणाऱ्या पोरांच्या आईबापांना काही सांगायचंच नाही? ज्याच्या हातात माईक आहे आणि ज्याला माहिती आहे तो गप्प बसला असता तर मी त्यालाच दोषी धरलं असतं. पासपोर्टचा कायदा तर आपल्याच मुलांसाठी महत्त्वाचा आहे, लोक विसरतात. मडगावचा फ्रेडी पीट्स आठवतो? अनाथाश्रमाच्या नावाखाली काय चाललं होतं, १९९१ ला पकडला, १९९६ ला जन्मठेप झाली, त्याच्याकडे परदेशी माणसं येत होती. कुलाब्याच्या अँकरेज शेल्टर या मुलांच्या आश्रयगृहात असंच करणारी दोन ब्रिटिश माणसं होती, हायकोर्टातून सुटली आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा परत लावली तेव्हा कुठे न्याय झाला. अशी माणसं आपल्याकडे येतात कारण इथली गरीब मुलं त्यांना सहज मिळतात. एखाद्या देशाने आपल्या माणसाला विमानात चढण्याआधी थांबवलं तर मी त्या सिनेटरला हात जोडीन, मग तो रेडिओवरून आला की कुठून याने मला फरक पडत नाही.

कोर्टकचेरी

ताई, पासपोर्टच्या कायद्याला माझा विरोध नाही. तिथे शिक्षा होऊन गेलेली असते, कोर्टाने गुन्हा सिद्ध धरलेला असतो. माझा विरोध नावं जाहीर करण्याला आहे आणि हिंचचा मुख्य कार्यक्रम तोच होता, सगळ्यांना बघता येईल असं रजिस्टर. आपल्याकडे एनसीआरबीच्या (केंद्राची गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी संस्था) अहवालात दरवर्षी दिसतं की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये आरोपी ओळखीचा असतो. बाप, काका, शेजारी, क्लासचा मास्तर. बापाचं नाव आणि पत्ता इंटरनेटवर टाकलात की मुलगी कोण हे गल्लीतल्या प्रत्येकाला कळलं. पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) कलम २३ मध्ये मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे ती याचसाठी. रेडिओवर नाव घेणाऱ्याला टाळ्या मिळतात, त्या मुलीला पुढे त्याच शाळेत जायचं असतं.

मेलबर्नकर

हं, पक्षाबद्दल. २०१८ ला व्हिक्टोरिया राज्याच्या वरच्या सभागृहात हिंचच्या पक्षाचे चक्क तीन जण निवडून आले, राज्यात चार टक्क्यांपेक्षा कमी मतं असताना. त्यातल्या एका बाईंनी तर शपथ घ्यायच्या आधीच पक्ष सोडला आणि अपक्ष झाल्या! म्हणजे मतदाराने हिंचचं नाव बघून मत दिलं आणि हातात आलं भलतंच. मुळात त्या वेळी राज्याच्या निवडणुकीत गट मतपत्रिका होती, तुम्ही पक्षापुढे नुसता एक आकडा टाकायचा आणि तुमच्या पुढच्या सगळ्या पसंती तो पक्ष ठरवणार. छोटे पक्ष आपसात सौदे करायचे. एका उमेदवाराला एक टक्कासुद्धा मतं नव्हती तरी तो निवडून आला, त्याच निवडणुकीत. हे सौदे जुळवण्यात ज्याचं नाव सगळ्यात मोठं तो ग्लेन ड्रुअरी हिंचच्याच ऑफिसात कामाला होता. मला याचा खरंच राग येतो कारण न्याय न्याय म्हणून मतं मागायची आणि निवडून यायचा रस्ता असा, की मतदाराला आपलं मत कुठे गेलं तेच कळू नये.

२०२२ ला उरलेल्या दोघांच्या पण जागा गेल्या आणि २०२३ मध्ये पक्षाची नोंदणीच संपली. आठ वर्षात पक्ष आला आणि गेला. नावच माणसाचं, मग माणूस थकला की पक्ष संपणारच.

आणि अजून एक. एक मुद्दा घेऊन गेलात तरी सिनेटमध्ये मत सगळ्यावर द्यावं लागतं. बांधकाम क्षेत्राच्या कायद्यात डिसेंबर २०१६ ला हिंचने कंपन्यांना नवे नियम पाळायला दोन वर्षांची मुदत मिळवून दिली आणि फेब्रुवारीत स्वतःच फिरला. कंपन्यांनी त्या भरवशावर करार केले असतील त्यांचं काय? मात्र २०१९ ला नाउरू आणि मानुस बेटांवर ऑस्ट्रेलियाने ठेवलेल्या आजारी निर्वासितांना उपचारासाठी ऑस्ट्रेलियात आणायच्या विधेयकाला त्याने पाठिंबा दिला, ३६ विरुद्ध ३४ ने ते पास झालं, तेव्हा त्याचं एक मत किती मोलाचं होतं बघा. ते मत मला आवडलं. पण २०१६ ला त्याला मत देणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांना अजिबात आवडलं नाही आणि त्यांची तक्रार पण खोटी नाही, त्यांनी निर्वासितांवर काहीच ऐकलं नव्हतं त्याच्याकडून.

खडखडीत

मेलबर्नकर, सौद्यांबद्दल तुमच्याशी सहमत, ती पद्धतच वाईट. पण २०१६ ला सिनेटसाठी गट मतपत्रिका बंद झाली होती, त्याच वर्षीच्या सुधारणेत, म्हणजे हिंच स्वतः निवडून आला तो लोकांनी स्वतः दिलेल्या पसंतीवर. हा फरक महत्त्वाचा आहे. आणि पक्ष संपला म्हणून काय झालं? पासपोर्टचा कायदा संपला नाही. पक्ष कशासाठी काढतात, ऑफिसवर पाटी कायम राहावी म्हणून? काम झालं आणि पक्ष गेला तर मला त्याचं दुःख नाही.

मत सगळ्यावर द्यावं लागतं हे मात्र एकमुद्दी पक्ष काढणाऱ्या प्रत्येकाने मतं मागतानाच सांगितलं पाहिजे, बाकी विषयांवर मी कसा विचार करणार ते. ते हिंचने केलं नाही.

कोर्टकचेरी, तुमचं ओळखीच्या आरोपीचं म्हणणं मला अडवतंय, त्याला सोपं उत्तर नाही. पण वेस्टर्न ऑस्ट्रेलियात २०१२ पासून मधला मार्ग चालू आहे. तिथे सगळी यादी भिंतीवर लावत नाहीत. जो माणूस तुमच्या मुलासोबत एकटा असतो त्याच्याबद्दल आईबाप पोलिसांना विचारू शकतात. आपल्याकडे २०१८ मध्ये लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस झाला, तो फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना दिसतो. त्यात निदान एवढी सोय व्हायला काय हरकत आहे?

कोर्टकचेरी

२०२० च्या पॉक्सो नियमांप्रमाणे मुलांशी संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करायचीच आहे. आधी ती किती शाळा करतात ते विचारा. स्कूलबसच्या ड्रायव्हरची, शिपायाची, डान्सच्या सरांची. त्यासाठी पक्ष लागत नाही, पालकसभेत हात वर करून विचारायचं.

आई_दोन_मुलींची

विचारलंय मी. "कॉन्ट्रॅक्टरकडे कागद आहेत" असं उत्तर मिळालं, कागद अजून दाखवलेले नाहीत. एकट्या बाईला असंच उत्तर मिळतं, म्हणून तर कोणीतरी मोठ्या आवाजाचा माणूस लागतो असं माझं म्हणणं आहे. पुढच्या सभेला आम्ही सातआठ जणी मिळून लेखी अर्ज देतोय. कोर्टकचेरी, तो नियम नेमका कुठला ते इथे लिहा, अर्जात घालते.

कोर्टकचेरी

पॉक्सो नियम २०२०, नियम ३. पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमी तपासणी ठराविक काळाने करायची आहे असं त्यात आहे, एकदा करून भागत नाही, तेवढं अर्जात ठळक लिहा. आणि पोच घ्या.