माळ पेटला तर बिघडलं काय?

कुसळ्या: काल इथं कुणीतरी लिहिलं: ‘सोलापूरजवळ नान्नजकडं मार्चमध्ये गवत जळतंच. पाखरं उडून जातात, पावसाळ्यात गवत परत फुटतं. ऑस्ट्रेलियाच्या वणव्यातले 300 कोटी प्राणी इथं आणून रडू नका.’ उडून जातात ती मोठी पाखरं. धाविक हा माळावरचा छोटा पक्षी मार्चपासूनच उघड्या जमिनीवर दोन-तीन अंडी घालतो. खोकडाची (छोट्या कोल्ह्याची) पिल्लं तेव्हा बिळात असतात. धग बिळात फारशी पोचत नाही, पण बाहेर आडोसा नाही, टोळ-नाकतोडे संपलेले. घारी तर जळत्या कडेवरच टपलेल्या.

बार्शीकर: माळढोक पक्षी इकडं पावसाळ्यात अंडं घालायचा. उगाच त्याच्या नावानं रडू नका. आणि ते 300 कोटी ‘मेले’ नव्हते. 2019-20 च्या वणव्यांत मेलेले आणि विस्थापित मिळून तो अंदाज आहे, त्यातले 246 कोटी सरपटणारे.

कुसळ्या: माळढोकाचं नाव मी काढलं का? आकड्याचं बरोबर, घ्या पेढा. पण मार्च 2022 हा देशातला 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च. आदल्या वर्षी पाऊस बरा झाला की गवत दाट, त्यात ऊन लवकर चढलं की ठिणगी पुरते.

जाळरेषा: वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारीपासून धरतात, आग अडवणाऱ्या जाळरेषा त्याआधी हव्यात. दोन समांतर पट्टे खरवडायचे, मधलं गवत सकाळी वारा मंद असताना वाऱ्याविरुद्ध जाळायचं. खरवडलेलं गवत कडेलाच टाकलं की रेषा गेली वाया. वाळलं शेण तर रात्रभर धुमसतं आणि दुपारच्या वाऱ्यावर परत पेटतं. ते फोडून, पाणी मारूनच निघायचं.

ऊसवाला: माळाचं कौतुक पुरे. बांधावरून आग येते ती पाचटाची, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याची, त्यावर बोला की!

कुसळ्या: मग जाळता कशाला बे? हेक्टरी 8-10 टन पाचट निघतं. बुडख्यांवरचं (तोडल्यावर उरलेल्या खुंटांवरचं) सरीत सारा, बुडखे जमिनीलगत छाटा. पाचटावर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट, 10 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाका, वर पाणी द्या.

ऊसवाला: शहाणपणा मोबाईलवर सोपा असतो. पाचटात उंदीर होतात, सरीत पाणी पुढं सरकत नाही, त्याचं काय?

जाळरेषा: अख्खं पाचट दाबलं तर नाहीच सरकणार. आधी कुट्टी करा, नाहीतर एक आड एक सरीत भरा आणि मोकळ्या सरीतून पाणी द्या. उंदीर जाळूनही जात नाहीत, बिळात बसतात. मरतं ते रानमांजराचं पिल्लू, कारण ते उसात उघड्यावरच असतं.

ऊसवाला: बरं, युरियाचं गणित मान्य. मजूर तेवढे तुम्ही पाठवा, साहेब.

बार्शीकर: धागा माळाचा होता ना?