प्लाझ्मातील पेशीबाह्य पुटिका: कण अगणित, पण सीडी६३ चा पट्टा पुसट

प्रश्न

नमस्कार. मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला असून मानवी प्लाझ्मातून पेशीबाह्य पुटिका (पेशींनी बाहेर सोडलेल्या, पटलाने वेढलेल्या सूक्ष्म पिशव्या) वेगळ्या करते आहे. पॉलिमरने अवक्षेपण करणाऱ्या तयार किटने अर्ध्या मिलिलिटर प्लाझ्मातून भरपूर साका मिळतो आणि एनटीए यंत्र (द्रवातील कणांची हालचाल टिपून ते मोजणारे) मिलिलिटरमागे सुमारे एक लाख कोटी कण दाखवते. मात्र वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रतिपिंडाने विशिष्ट प्रथिन ओळखणाऱ्या चाचणीत) २० मायक्रोग्रॅम प्रथिन घालूनही सीडी६३ हे पुटिकांची खूण मानले जाणारे प्रथिन पुसटच दिसते आणि ६६ किलोडाल्टनजवळ जाड पट्टा येतो. शेजारच्या विभागातील अल्ट्रासेंट्रिफ्यूजकडे (अतिवेगाने फिरवून कण तळाशी बसवणाऱ्या यंत्राकडे) वळावे का?

उत्तर १

यंत्र बदलण्याआधी आकड्याकडे पाहावे. एनटीए प्रकाश विखुरणारा प्रत्येक कण मोजते. तो पुटिका आहे की लायपोप्रोटीन (रक्तात चरबी वाहून नेणारा कण), हे त्याला कळत नाही, आणि प्लाझ्मात लायपोप्रोटीन पुटिकांच्या कितीतरी पट असतात. पॉलिमर तर सगळेच खाली ओढतो. तो जाड पट्टा अल्ब्युमिन या प्लाझ्मातील मुख्य प्रथिनाचा आहे, म्हणजे आपल्या २० मायक्रोग्रॅममध्ये पुटिकांच्या वाट्याला फारच थोडे प्रथिन आले. शिवाय आपण नमुना डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारे रसायन) घालून उकळता का? सीडी६३ च्या अनेक प्रतिपिंडांना डायसल्फाइड बंध शाबूत लागतात, त्यामुळे डीटीटीविना जेल चालवून पाहावे. शर्करा जोडलेल्या असल्याने हे प्रथिन रेखीव पट्ट्याऐवजी साधारण ३० ते ६० किलोडाल्टनमध्ये पसरट डागासारखे दिसते, हेही ध्यानात असू द्यावे.

उत्तर २

वरील मताशी सहमत आहे. केवळ १,००,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या एक लाख पट) वर फिरवल्यानेही प्रथिनांचे गठ्ठे पुटिकांसोबत तळाशी बसतात. मी सेफारोज सीएल-२बी चा १० मिलिलिटरचा स्तंभ (सच्छिद्र मण्यांनी भरलेली, कण आकारानुसार वेगळे करणारी नळी) वापरतो: अर्धा मिलिलिटर प्लाझ्मा घालून अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरचे अंश गोळा केले, की पुटिका साधारण सातव्या ते दहाव्या अंशात येतात आणि अल्ब्युमिन मागाहून उतरते. यातही एक मेख आहे. आकार जुळत असल्याने व्हीएलडीएल आणि कायलोमायक्रॉन हे मोठे लायपोप्रोटीन पुटिकांबरोबरच उतरतात. ते घनतेच्या उतारावर (वरून खाली घनता वाढत जाणाऱ्या द्रावणात फिरवून) वेगळे होतात. उलट एचडीएल या लायपोप्रोटीनची घनता पुटिकांशी जुळते, पण आकार लहान असल्याने ते स्तंभातच मागे राहते. म्हणून दोन्ही पायऱ्या एकापाठोपाठ घ्याव्या लागतात. जेवणानंतर कायलोमायक्रॉन वाढतात, म्हणून विचारतो: रक्त उपाशीपोटी घेतले होते ना?

उत्तर ३

दोन्ही पायऱ्या केल्यास उत्पन्न बरेच घटते, ही बाजूही मांडायला हवी. अर्ध्या मिलिलिटरच्या नमुन्यात घनतेचा उतार मला परवडणारा वाटत नाही. स्तंभ पुरे, फक्त एपोबी (लायपोप्रोटीनमधील प्रथिन) आणि अल्ब्युमिन किती उरले ते ब्लॉटवर दाखवावे. नमुन्याच्या एका भागात ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घालून एनटीए पुन्हा करावे, म्हणजे पटल विरघळल्यावर किती कण नाहीसे होतात ते दिसेल. मात्र डिटर्जंटने लायपोप्रोटीनही विस्कटतात, म्हणून या एकाच कसोटीवर विसंबू नये. तसेच उगम सिद्ध झाल्याशिवाय प्रबंधात ‘एक्सोसोम’ (पेशीच्या आतल्या कप्प्यात तयार होणारा पुटिकांचा एक प्रकार) लिहू नये. एमआयसेव्ह २०२३ ही या क्षेत्रातील संशोधनाची मार्गदर्शक तत्त्वेही ‘पेशीबाह्य पुटिका’ हीच व्यापक संज्ञा सुचवतात.

प्रश्नकर्ती

आभारी आहे. डीटीटी घालतच होते. रक्त उपाशीपोटी घेतले होते, पण प्लाझ्मा गोठवण्यापूर्वी एकदाच फिरवला होता.

उत्तर २

मग त्यात प्लेटलेट राहिल्या असतील आणि गोठताना त्या फुटून त्यांचे तुकडे पुटिकांत मिसळले असतील. सीडी९ (पुटिकांची आणखी एक खूण, जी प्लेटलेटवरही असते) ठळक आला तरी हुरळून जाऊ नये. हे नमुने स्तंभ बसवण्याच्या सरावासाठी ठेवा आणि पुढचा प्लाझ्मा गोठवण्याआधी २,५०० जी वर १५ मिनिटे, असा दोनदा फिरवा.