मिररलेस की डीएसएलआर: ताडोबा आणि भिगवणसाठी
"डीएसएलआरचे (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचे) दिवस संपले, मिररलेसच (बिनआरशाचाच) घ्या" असं म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. निकॉनचा डीएसएलआर डी५०० आला २०१६ साली, पण आजही सेकंदाला १० फ्रेम (फोटो) देतो आणि ताडोब्यात एका बॅटरीवर सकाळ-दुपार दोन्ही सफारी निघतात. सेकंडहँड घ्या (शटर काउंट, म्हणजे आधी किती फोटो काढलेत ते बघून!) आणि उरलेले पैसे निकॉनच्या २००-५०० मिमी झूम लेन्सला घाला. ती पुढे अ‍ॅडॉप्टर (जोडकडं) लावून निकॉनच्या मिररलेसलाही चालते.

भिगवणला उडते पक्षीच टिपायचे असतील तर मात्र मिररलेसचं पक्ष्याचा डोळा पकडणारं फोकस खरंच भारी. फक्त कॅननचा मिररलेस आर७ घेतलात तर इलेक्ट्रॉनिक शटर टाळा. त्यात सेन्सर (फोटो टिपणारा भाग) ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे नदी सुरयसारख्या उडत्या पक्ष्याचे पंख वाकडे येतात. मेकॅनिकल शटरच्या (खऱ्या हलत्या पडद्याच्या) सेकंदाला १५ फ्रेम पुरून उरतात.