बंजी जंपिंग : दोराचं वजन धरलं की पडण्याचा वेग मुक्त पतनापेक्षा जास्त कसा येतो?

नमस्कार. बंजी जंपिंगमधल्या ऊर्जेचा हिशेब मांडतोय आणि एका ठिकाणी अडलोय. जाणकारांनी कृपया मदत करावी.

उडी मारणारा ७० किलोचा, दोर न ताणता २० मीटर लांब, एक मीटर ताणायला १०० न्यूटन बल लागतं. हवेचा विरोध सोडून दिलाय. दोर बिनवजनाचा मानला तर सगळं सरळ आहे. पहिल्या २० मीटरमध्ये १३,७२० ज्यूल स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा होते, वेग सेकंदाला १९.८ मीटर. दोर ताणू लागला तरी वेग लगेच घटत नाही, पुढचे ६.८६ मीटर दोराच्या ओढीपेक्षा वजनच भारी असतं. सगळ्यात खाली दोर २४.८ मीटर ताणलेला.

पण खरा दोर चांगलाच जड असतो. समजा ३५ किलो. सुरुवातीला तो दुमडून लोंबत असतो, एक पदर वर बांधलेला, दुसरा माणसाबरोबर खाली येणारा. दोर सरळ होईपर्यंत त्याची स्वतःची स्थितिज ऊर्जा १,७१५ ज्यूलने कमी होते, आणि त्या क्षणी त्याचा कुठलाच भाग हलत नसतो. मग ही ऊर्जा माणसालाच मिळणार. वेग येतो २१! हिशेब पुन्हा पुन्हा तपासला, चूक सापडत नाही. पण माणसाला खाली ओढणारं हे जादा बल येतं कुठून? सैल दोर ओढेल कसा?

उत्तर :
हिशेब बरोबर आहे. बल दोराच्या वाकणापाशी आहे. खाली येणाऱ्या पदराचा प्रत्येक तुकडा वाकणावर येऊन थांबतो. त्याला थांबवण्यासाठी दोन्ही पदर त्याला वर ओढतात, म्हणजेच तो दोन्ही पदरांना खाली खेचतो. त्यातला एक पदर माणसाला बांधलेला आहे. तुमच्या आकड्यांत दोर सरळ होण्याच्या अगदी आधी ही ओढ सुमारे १९३ न्यूटन भरते, त्वरण गुरुत्व त्वरणाच्या १.२८ पट. म्हणजे दोर सैल दिसतो, पण नसतो.

याच हिशेबात आणखी एक धरा. ताणताना दोराचा गुरुत्वमध्यही खाली उतरतो. दोर सगळीकडे सारखा ताणला जातो असं ढोबळपणे मानलं, तर ताण २४.८ ऐवजी २८ मीटरच्या आसपास जातो. तळाशी तीन मीटरचा फरक! रबराच्या अंतर्गत घर्षणात थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा याहून जरा कमी येईल.