अभयारण्यात पायवाट सोडली तर बिघडतं काय?

आडोसा (धागाकर्ता)

गेल्या मोसमात एका उंच डोंगरी अभयारण्यात गेलो होतो. वाटेच्या एका वळणावर खडकाला पाठ लावून आम्ही बसलो होतो. समोरच्या उतारावर अकरा भरल चरत होते. (भरल म्हणजे राखाडी-निळसर डोंगरी मेंढी, हिमबिबट्याचं नेहमीचं भक्ष्य.) पहिली वीस मिनिटं एक मादी मान वर करून आमच्याकडेच बघत होती. मग तिनं मान खाली घातली आणि बाकीच्यांनीही आम्हाला खिजगणतीत धरायचं सोडलं. तासाभरात कळप चरत चरत इतका जवळ आला की गवत तोडल्याचा आवाज येत होता.

तेवढ्यात दोघेजण वाट सोडून उतारावर शिरले. मोबाइल पुढे धरून. एक चिरका आवाज आला आणि अख्खा कळप कड्यावर. संध्याकाळपर्यंत तो उतार रिकामाच होता.

तुम्ही म्हणाल, एका दिवसाचं चरणं बुडालं, त्यात काय. पण तिथं गवत असतं चार महिने, आणि बाकीचे आठ महिने त्याच चरबीवर काढायचे असतात. आपल्यासारखे 'फक्त दोघे' रोज येतात.

स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय उद्यानात (स्थापना १९१४) वाट सोडायला पूर्ण बंदी आहे. सुमारे १७० चौरस किलोमीटरचं उद्यान आणि त्यात आखलेल्या साधारण १०० किलोमीटर वाटा. विसाव्याच्या जागासुद्धा ठरलेल्या. कुत्रा साखळीला बांधूनही न्यायचा नाही. हिवाळ्यात तर दारच बंद.

माझं मत: प्रत्येक डोंगरी अभयारण्यात हाच नियम हवा. पटत नसेल त्यांनी सांगा, भांडू.

कडेकपारी

भांडू या.

मी वीसेक वर्षं डोंगरात हिंडतोय. जे काही शिकलो ते वाट सोडल्यावर. लेंडी ताजी की जुनी, खडकावरचा ओरखडा कोणाचा, कुठल्या झाडाला अस्वलानं पाठ घासलीय, हे मळलेल्या वाटेवर उभं राहून कळत नाही. वाटेवर काय दिसतं? पुढच्याची पाठपिशवी आणि बिस्किटाचे कागद.

दुसरं, सगळी माणसं एकाच वाटेवर कोंबलीत की ती वाट मरते. पावसात चिखल झाला की लोक कडेकडेनं चालतात, वाट रुंदावते, मग दुसरी पडते, मग तिसरी. दोन हातांची वाट बघता बघता बैलगाडीच्या रस्त्याएवढी होते. आणि अभयारण्याच्या तोंडाशी रस्ते आणि हॉटेलं होतात त्यावर धागा कोण काढणार? सोपा शत्रू सापडला की आपण खूश.

दुर्बीणवाली

कडेकपारी दादा, वाट रुंदावते ती लोक चिखल चुकवायला वाट सोडतात म्हणून. तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटतोय. बूट चिखलासाठीच असतात, चिखलातून जा.

आता प्राण्यांचं. प्राणी माणसाला भितात यापेक्षा ते *अनपेक्षित* माणसाला भितात, असं म्हणणं जास्त बरोबर. रोज त्याच रेषेवरून जाणारा माणूस त्यांच्या हिशोबात बसतो. वाटेजवळच्या बिळातला मार्मोट (डोंगरातली गलेलठ्ठ, बिळात राहणारी खार) तुम्ही पाच-दहा पावलांवरून गेलात तरी ऊन खात पडून राहतो. तोच मार्मोट वाट सोडून येणाऱ्याला लांबूनच शिट्टी देतो आणि बिळात जातो. हरणांचं, पक्ष्यांचंही बहुतेक असंच.

कड्यांवर राहणाऱ्या जनावरांचं आणखी एक आहे. भरल काय, किंवा शेळीच्या कुळातले आयबेक्स, शॅमॉय, थार काय, सगळे संकटात *वर* पळतात, कारण कडा हीच त्यांची तटबंदी. खालून आलेला माणूस त्यांना फारसा झोंबत नाही. वरून उतरणारा मात्र सुटकेचा रस्ताच अडवतो. मग ते जिवाच्या आकांतानं पळतात, पिल्लं मागे राहतात. वाट सोडणारे बहुतेक लोक 'जरा वरून बघू' म्हणूनच सोडतात.

कडेकपारी

ताई, वरून-खालूनचं माहीत नव्हतं. लिहून ठेवतो.

पण मार्मोट माणसाला सरावला याचा आनंद मला होत नाही. सरावलेलं जनावर उद्या कोणाच्या हातून बिस्किट खातं, परवा पिशवी फाडतं आणि तेरवा कोणीतरी त्याला 'त्रासदायक' ठरवतं. शिकाऱ्यालाही न बुजणारं जनावर सोपं. बुजणं हे जंगली जनावराचं भांडवल आहे. तुम्ही म्हणता तो 'हिशोब' त्याला महागात पडतो.

रानमेवा

मी जातो बिबट्या बघायला, दिसतात मात्र बिबट्याच्या छापाचे टी-शर्ट. चालू द्या.

दुर्बीणवाली

सरावण्याचा धोका खराच. सगळ्यात टोकाचं उदाहरण डोंगरी गोरिलांचं. रवांडा आणि युगांडात पर्यटकांना दाखवण्यासाठी काही कुटुंबांना माणसाची सवय मुद्दाम लावली. माणसाची सर्दी-पडसं त्यांना होऊ शकतं आणि जिवावरही बेततं. म्हणून एका कुटुंबाला दिवसात जास्तीत जास्त आठ पर्यटक, एकच तास, ठरावीक अंतर. खोकला असेल तर परत फिरायचं. एवढं सगळं पाळून, आणि परवान्यांच्या पैशातून राखण चालवून, २०१८ साली त्यांची संख्या हजाराच्या वर गेल्याचं जाहीर झालं. सराव वाईट की चांगला, ते सोबत किती कडक नियम आहेत त्यावर ठरतं.

खिंड

दोन्ही बाजू प्राणी आणि प्रवासी एवढंच बोलतायत. तिथं राहणारी माणसं कुठं आहेत?

उत्तराखंडातल्या नंदादेवी शिखराभोवतीच्या खोऱ्याची गोष्ट सांगतो. चहूबाजूंनी शिखरांची भिंत आणि आत जायला ऋषिगंगेची एकच भयंकर घळ. १९३४ साली शिप्टन आणि टिलमन हे ब्रिटिश गिर्यारोहक त्या घळीतून पहिल्यांदा आत पोचले. १९७४ मध्ये तो भाग गिर्यारोहकांना खुला झाला आणि दहा वर्षांच्या आत कचरा, जळणासाठी तोड, शिकार यांनी इतका बिघडला की १९८३ मध्ये आतलं खोरं बंद करावं लागलं. इथवर धागाकर्त्याची बाजू.

आता दुसरी. त्याच १९७४ साली शेजारच्या रैणी गावात गौरादेवी आणि गावच्या बायकांनी ठेकेदाराच्या माणसांना जंगल तोडू दिलं नाही. चिपको म्हणून आपण शाळेत शिकतो ते हेच. ज्यांनी जंगल राखलं, त्या पट्ट्यातल्याच लोकांची हमाली, वाटाड्याचं काम आणि चराई बंदीत गेली. कचरा कुणाचा आणि शिक्षा कुणाला? पुढे कडेच्या भागात मोजक्या लोकांना परवानगी सुरू झाली, पण मधली वर्षं गेली ती गेलीच.

याच्या उलट लडाखमध्ये हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुंबकसारख्या गावांत झालं. हिमबिबट्यानं मेंढ्या मारल्या की लोक त्याला मारायचे. होमस्टे सुरू झाले, बघायला येणाऱ्यांचा पैसा घरात येऊ लागला, तसा त्याच जनावराकडे बघायचा डोळा बदलला. माग कुठं आहे, टेलिस्कोप कुठं लावायचा, हे तिथला माणूसच सांगतो.

म्हणून माझा नियम वेगळा: वाट सोडायची की नाही हे स्थानिक वाटाड्यानं ठरवावं. तो नसेल तर सोडायची नाही. विषय संपला.

आडोसा

खिंड, मान्य. मी नियम लिहिला पण तो राखणार कोण, हे सोडूनच दिलं. वाटाड्याची अट माझ्या नियमात घालतो.

कडेकपारी, लेंड्या आणि ओरखडे वाटेवरही सापडतात बरं का. जनावरांनाही मळलेली वाट आवडते, पाय कमी दुखतात. हिमबिबट्या तर धारेवरच्या वाटेनंच जातो आणि मोठ्या खडकांखाली खुणा करून ठेवतो. एका जागी दोन तास बसायची तयारी हवी. वारा तोंडावर घ्यायचा, पहाट किंवा तिन्हीसांज साधायची, बोलायचं नाही. हिंडणं आणि बघणं एकाच दिवशी होत नाही, असं माझं तरी झालंय.

पहाटपक्षी

मोबाइलवर पक्ष्याची हाक वाजवून त्याला झाडाबाहेर काढणारे 'निरीक्षक' राहिले की. बिचारा नर विणीच्या हंगामात चारा सोडून नसलेल्या शत्रूशी भांडत फिरतो. ते तर वाटेवर उभे राहूनच करतात, नियम पाळून! ड्रोनवाल्यांबद्दल बोललो तर संपादक प्रतिसाद उडवतील.

कडेकपारी

वाटाडा असेल तर आडवाट चालेल, ही तडजोड मला चालेल. एकट्यानं हिंडायची सवय जड जाईल, ते माझं मी बघतो. पण 'प्रत्येक अभयारण्यात' याला अजून विरोध. काटेरी झुडपांच्या डोंगरात आणि उंचावरच्या गवताळ कुरणात एकच माप कसं? तिथली गादीसारखी वाढणारी झाडं वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात, पाय पडला की वर्षानुवर्षं भरून येत नाही. तिथं मीही वाट सोडत नाही. खालच्या रानात तसं नाही.

आडोसा, एक विचारायचं राहिलं. ते दोघे वरून उतरले की खालून आले?

आडोसा

वरून.

आणि खरं सांगायचं तर त्यातला एक माझा मेहुणा. मी त्याला थांबवू शकलो असतो. थांबवलं नाही, कारण फोटो मलाही हवा होता.

कडेकपारी

कसा आला?

आडोसा

अकराच्या अकरा पाठमोरे.