‘फितूर’ साक्षीदार : या शब्दाने रहस्य फुटतं का?

प्रश्न : खुनाच्या खटल्यावर एक रहस्यकादंबरी लिहितोय. ऐन मध्यावर सरकार पक्षाचा मुख्य साक्षीदार पोलिसांना दिलेला जबाब कोर्टात साफ नाकारतो. पेपरात अशा वेळी ‘साक्षीदार फितूर’ छापून येतं. पण तो घाबरलाय, विकला गेलाय की आत्ताच खरं बोलतोय, हे मला शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही. दुसरा शब्द आहे का?

— ‘फितूर’ म्हटलं की किल्ल्याचा दरवाजा आतून उघडून देणाराच डोळ्यांपुढे येतो. म्हणजे निकाल आधीच लागला! कायदा इतका उतावीळ नाही. 1872च्या पुरावा कायद्याच्या कलम 154मध्ये ‘फितूर’ या अर्थाचा शब्दच नाही. स्वतः बोलावलेल्या साक्षीदाराला उलटतपासणीतल्यासारखे प्रश्न विचारायची परवानगी कोर्ट देऊ शकतं, एवढंच तिथे आहे. असा साक्षीदार उलटला तरी त्याची साक्ष पुसली जात नाही. पटण्याजोगा भाग कोर्ट उचलू शकतं. तुमचं रहस्य नेमकं याच फटीत राहतं. निवेदनात ‘उलटला’ किंवा ‘जबाबावरून फिरला’ लिहा. ‘फितूर’ सरकारी वकिलाच्या तोंडी घाला, तो त्याचा आरोप होईल.

— उलटला, फिरला ठीक आहे, पण आमच्याकडे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, बार रूममध्ये, सरळ ‘फुटला’ म्हणतात. ‘प्रतिकूल साक्षीदार’ मात्र नको. कागदावर बरा दिसतो, बोलताना कुणी वापरत नाही.

— ‘फुटला’मध्येही पैशाचा वास येतोच की हो.

— दादा, एक तांत्रिक गोष्ट. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते. त्यामुळे ‘मी असं बोललोच नाही, साहेबांनी मनानं लिहिलं’ हे वाक्य खोटारडाही म्हणू शकतो आणि खरा माणूसही. वाचकाला झुलवायला याहून चांगलं काय हवं? आणि सरतपासणीत, म्हणजे आपण बोलावलेल्या साक्षीदाराला आधी प्रश्न विचारताना, वकील त्याला सूचक प्रश्न विचारू शकत नाही. ‘तुमच्या हातात सुरी होती ना?’ चालत नाही, ‘काय पाहिलंत?’ असं विचारावं लागतं. उलटतपासणीत पहिला प्रश्न चालतो. त्यामुळे एकच घटना दोनदा येते आणि दुसऱ्यांदा ती वेगळी दिसते.

— याचं अस्सल उदाहरण म्हणजे 1959चा मुंबईतला नानावटी खटला. गोळ्या झाडल्या कुणी, हा वाद नव्हताच. नौदलातले कमांडर नानावटी स्वतः पोलिसांकडे गेले होते. बचाव असा की झटापटीत पिस्तूल उडालं. सरकार पक्षाने बोट ठेवलं टॉवेलवर : मारले गेलेले प्रेम आहुजा नुकते अंघोळ करून आले होते, अंगावर फक्त टॉवेल, आणि प्रेत सापडलं तेव्हा तो जागच्या जागी होता. झटापट झाली असती तर टॉवेल राहिला असता? तरी ज्यूरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, 8 विरुद्ध 1 मतांनी निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं, शिक्षा झाली, आणि 1961मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. मारेकरी पहिल्या पानावर माहीत असूनही लोक खिळून राहिले. (या एका खटल्यामुळे ज्यूरी पद्धत बंद झाली, हे मात्र अतिसुलभ सांगणं झालं.) तुमच्या साक्षीदारालाही असा एखादा टॉवेल द्या.

— आणि कादंबरीचा काळ कुठला? 1 जुलै 2024पासून 1872च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय. त्यानंतरचा खटला असेल तर वकिलाच्या तोंडी ‘कलम 154’ घालू नका, कुणीतरी वकील वाचक पत्र पाठवेल.