गँगवॉरच्या कथेत भूत कशाला?

परळकर: मुंबईच्या टोळीयुद्धावरच्या कथांमध्ये भुतं घुसवायची टूम मला अजिबात पटत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, संप रीतसर मिटलाच नाही. चूल पेटेना तेव्हा काही पोरं टोळ्यांच्या हाताला लागली. पुढे गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आला. १९९४ मध्ये गिरणीमालक सुनीत खटाव, १९९७ मध्ये संपाचे नेते दत्ता सामंत गोळ्या घालून मारले गेले. हे सगळं माणसांनी केलंय. मध्ये हडळ आणली की गोळी झाडणारा आणि सुपारी देणारा, दोघेही सुटतात.

देवगडवाला: सुटतात कसे? लालबागचा चाकरमानी राखणदाराला, म्हणजे गाव सांभाळणाऱ्या दैवताला, गावच्या वेशीवर सोडून आला नव्हता. नारळ द्यायचा राहिला तर गावी गेल्यावर आधी गाऱ्हाणं, 'चुकला माकला असात तर सांभाळून घे रे म्हाराजा', आणि मागून सगळ्यांचं 'व्हय म्हाराजा!' त्याच घरातल्या पोराने हातात घोडा, म्हणजे पिस्तूल, घेतला तर त्याची भीती याच रूपात येणार. शिवाय खटला उभा राहीपर्यंत साक्षीदार फितूर होतो. मेलेला होत नाही.

परळकर: मग त्या फितूर साक्षीदारावरच लिहा ना! जिना चढून कोण आलं, बायकोने कडी का काढली नाही, खरी भीती तिथे आहे. भुताने भाईचा गळा आवळला की वाचक खूश. पण ही पोलिसी चकमकच झाली: ना पुरावा, ना सुनावणी. गुंड मन्या सुर्वेला वडाळ्यात पोलिसांनी मारलं ते ११ जानेवारी १९८२ ला, संपाच्या आठवडाभर आधी. तेव्हापासून आपल्याला झटपट न्यायाची चटक लागलीये, त्यात भुतांची भर नको.

रात्रपाळी: चकमकीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणूनच सूड घेणारं भूत नको, अडून बसणारं हवं. समजा, गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमध्ये पहाटे भोंगा वाजतो. ऐकू येतो एकालाच, ज्याच्या बापाने जमिनीसाठी सुपारी दिली त्याला. कोणी मरत नाही, भोंगा थांबत नाही.

परळकर: कल्पना चांगली आहे, पण भोंगा काढून टाकला तरी कथा उभी राहते. बाप, रक्कम, व्यवहार एवढं पुरे.

देवगडवाला: नाही राहत. त्या मुलाचं सगळं सुखात चाललंय. भोंगा नसेल तर बापाचे जुने कागद तो कशाला उघडेल?